बायोडिझेल पंपाला पचेल का?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० पेट्रोलवरून सोशल मीडियावर जो गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेलच. कदाचित तुम्हीही त्यात दोन-चार रील्स फॉरवर्ड केल्या असतील. बाइकचं अ‍ॅव्हरेज पडलं, जुन्या गाडीचे रबरी पार्ट गेले, पेट्रोल पंपावर दुसरा पर्यायच नाही, अशा तक्रारी होत्या. सरकारने त्यातल्या बऱ्याचशा फेटाळल्या, मायलेज थोडं कमी होतं एवढं मान्य केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ सप्टेंबरला तिथे याचिका फेटाळली गेली. विषय संपला.

पण ज्या धोरणातून ई-२० आलं, त्याच धोरणात डिझेलसाठीही एक आकडा लिहून ठेवलाय आणि त्याबद्दल कॉलेज कट्ट्यावर कुणी बोलताना दिसत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात दोन उद्दिष्टं होती. २०३० पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आणि डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल. इथेनॉलची तारीख नंतर अलीकडे ओढली आणि ते उद्दिष्ट गाठलंही. बायोडिझेल मात्र अजून एक टक्क्याच्या आतच रेंगाळतंय. म्हणजे पुढच्या काही वर्षांत जोर लागणार तो इथे. तेव्हा जो वाद होईल तो बाइकवाल्यांचा नसेल. तो ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, मच्छीमार बोटी आणि जनरेटरवाल्यांचा असेल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात यातलं काही ना काही आहे. आणि त्या वादाच्या मधोमध असेल एक लोखंडी डबा, ज्याचं नाव इंजेक्शन पंप.

(इथून पुढे ‘पंप’ म्हटलं की रस्त्यावरचा, जिथे आपण टाकी फुल्ल करतो तो नाही. इंजिनाच्या बाजूला बसवलेला, ज्याच्यातून सिलिंडरकडे लोखंडी नळ्या जातात तो.)

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेटतं. हा फवारा मारण्यासाठी लागणारा दाब तयार करणं हे पंपाचं काम. जुन्या ट्रॅक्टरच्या पंपात हा दाब काहीशे बार असतो. आताच्या कॉमन रेल गाड्यांमध्ये तो १६०० ते २००० बारपर्यंत जातो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा.

एवढा दाब येतो कुठून? पंपाच्या आत एक दट्ट्या एका नळीत वरखाली होत असतो. मेकॅनिक या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात. दट्ट्या आणि नळी यांच्यामध्ये फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. इतक्या बारीक फटीत रबरी वॉशर वगैरे बसवता येत नाही, त्यामुळे धातू धातूवर घासूनच सील होतं. म्हणूनच एका पंपाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही, जोडी बदलायची तर अख्खी बदलावी लागते. आणि या फटीला वंगण कशाचं? त्याच डिझेलचं. कारमधल्या छोट्या रोटरी पंपात तर आतलं सगळंच डिझेलवर वंगणतं. थोडक्यात, डिझेल इथे जळण्याच्या आधी तेलाचं कामही करून जातं. हे लक्षात ठेवा, कारण बायोडिझेलची चांगली आणि वाईट, दोन्ही बाजू इथूनच निघतात.

आधी चांगली बाजू, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. २०२० च्या एप्रिलपासून देशात बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आणलं गेलं. हवेसाठी हे उत्तमच. पण रिफायनरीत गंधक काढताना डिझेलमधले, धातूला चिकटून राहणारे, नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात. असं ‘कोरडं’ डिझेल पंपाला घासतं. म्हणून कंपन्या त्यात वंगणासाठी वेगळं रसायन घालतात. आता गंमत बघा, हेच काम एक-दोन टक्के बायोडिझेल सहज करून टाकतं. म्हणजे थोड्या प्रमाणातलं, नीट बनवलेलं बायोडिझेल पंपाचं आयुष्य कमी करत नाही, उलट त्याची झीज आवरतं.

‘नीट बनवलेलं’ या दोन शब्दांवर सगळी गाडी अडते.

बायोडिझेल म्हणजे टाकीत ओतलेलं खाद्यतेल नव्हे, हा घोळ आधी मिटवू. गोडंतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाचा एक नमुना १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चालवून दाखवला होता हे खरं, आणि ही गोष्ट प्रत्येक बायोडिझेलवाल्या भाषणात येतेच. पण आजच्या पंपात नुसतं तेल घातलं तर फवारा नीट फुटत नाही, नोझलच्या तोंडावर काजळी धरते आणि एलिमेंटवर ताण येतो. म्हणून तेलाची मिथेनॉलबरोबर, कॉस्टिक सोड्यासारखं अल्कली घालून, रासायनिक क्रिया करतात. शंभर किलो तेल आणि सुमारे दहा किलो मिथेनॉल घेतलं की साधारण शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन मिळतं. केमिस्ट्रीवाल्यांनी ही क्रिया प्रॅक्टिकलला केलेली असेल. बीकरमध्ये दोन थर दिसले की आपण खूश होतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं: ग्लिसरीन पूर्ण वेगळं करणं, उरलेलं मिथेनॉल काढणं, साबण आणि सोडियम धुऊन टाकणं, पाणी सुकवणं. यातली एखादी पायरी घाईत उरकली तरी माल दिसायला तसाच सोनेरी, पारदर्शक असतो. फरक पंपाला कळतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने हे फार लवकर अनुभवलं. सप्टेंबर २००५ पासून तिथे डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचं झालं. फक्त दोन टक्के! आणि डिसेंबरमध्ये राज्यभर ट्रकचे फिल्टर चोंदायला लागले, सक्ती काही काळ थांबवावी लागली. कारण निघालं दर्जात न बसणारा माल, ज्यात ग्लिसरीनचे अंश राहून गेले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बायोडिझेलचे नमुने तपासले तेव्हा निम्म्याहून जास्त नापास झाले. त्यानंतर तिथे उत्पादकांच्या तपासणीची पद्धत कडक झाली आणि चित्र बरंच सुधारलं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. कोलोरॅडोमधल्या सार्वजनिक बससेवेत नऊ एकसारख्या बस घेऊन दोन वर्षं प्रयोग झाला. पाच बस २० टक्के बायोडिझेलवर, चार साध्या डिझेलवर, प्रत्येक बस एक लाख मैल पळवली. मायलेजमध्ये फरक नाही, देखभालीचा खर्चही जवळजवळ सारखा. मधूनमधून फिल्टर चोंदले, तेही दर्जा घसरलेल्या इंधनामुळे. म्हणजे २ टक्क्यांनी एका राज्याची वाहतूक अडवली आणि २० टक्क्यांनी बस लाख मैल बिनतक्रार पळाल्या. त्यामुळे ‘किती टक्के’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कुठून आलं आणि कधी बनलं’ हेही विचारावं लागतं.

‘कधी बनलं’ हा भाग आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून इथे जरा थांबू.

घरातलं गोडंतेल उघडं राहिलं की खवट होतं. बायोडिझेल त्याच तेलाचं लेकरू, तेही खवट होतं. त्याच्या रेणूंमध्ये जे दुहेरी बंध असतात, तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो. आधी पेरॉक्साइड बनतात, मग त्यांचे तुकडे पडून फॉर्मिक, अ‍ॅसिटिक अशी आम्लं तयार होतात, आणि काही रेणू एकमेकांना चिकटून डिंकासारखा पदार्थ बनतो. तांबं, पितळ, जस्त असे धातू संपर्कात असले तर ही क्रिया आणखी वेगाने होते. सोयाबीन, सूर्यफुलाचं बायोडिझेल लवकर खवट होतं, पामचं उशिरा. मात्र पामचं थंडीत गोठायला लागतं. वापरलेल्या तळणीच्या तेलात नैसर्गिक ‘टिकवणारे’ घटक कढईतच जळून गेलेले असतात, त्यामुळे त्यापासून बनवलेल्या बायोडिझेलात ते वेगळे घालावे लागतात. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून जास्त ते साठवू नये असं म्हणतात.

शिवाय त्याला पाण्याची ओढ. साधं डिझेल जेवढं पाणी स्वतःत मुरवून घेतं, त्याच्या कितीतरी पट जास्त बायोडिझेल घेतं. टाकीच्या तळाला पाणी जमलं की तेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढते, तिचा काळपट चिकट साका बनतो.

आता हे सगळं पंपात गेलं की काय होतं? आम्लं आणि पाणी मिळून एलिमेंटच्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतात. दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत खड्डा पडला म्हणजे दाब निसटायला लागला. डिंक सुकून लाखेसारखा पातळ थर धरतो, त्याने दट्ट्या किंवा डिझेलचं माप ठरवणारा भाग अडकत-अडकत चालतो. मग इंजिन एका आरपीएमवर ठरत नाही, उचक्या दिल्यासारखं वरखाली होतं. जुन्या पंपातली नायट्राइल रबराची सील आणि ओ-रिंग फुगतात, मऊ पडतात, पुढे चिरतात. बाहेरून डिझेल पाझरतं आणि तिथूनच हवा आत शिरते. सकाळी सेल्फ मार मार मारावा लागतो, कारण पंपाने ‘एअर’ घेतलेली असते. व्हायटॉन नावाचं रबर वापरलेलं असेल तर हा त्रास होत नाही, नव्या गाड्यांमध्ये बहुधा तेच असतं. गावातला पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर मात्र नायट्राइलवाला. उरलेलं मिथेनॉल अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताला खातं. उरलेलं सोडियम साबणासारखं जमून फिल्टर अडवतं आणि नोझलमध्ये बसतं.

एक गैरसमज मात्र होतो. पहिल्यांदा बायोडिझेल घातलं की दोन-तीन टाक्यांतच फिल्टर काळाकुट्ट होतो आणि माणूस म्हणतो, बघा, इंधनच घाण. प्रत्यक्षात बायोडिझेल चांगलं विद्रावक आहे. टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षं बसलेली घाण ते सोडवतं आणि ती फिल्टरवर येते. एक-दोनदा फिल्टर बदलला की हा त्रास थांबतो. तो थांबला नाही, तर मात्र इंधनात खोट आहे.

आधुनिक गाड्यांची अडचण वेगळी. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी पकडणारी गाळणी असते. ती साफ करण्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये जातं. साधं डिझेल तापल्यावर ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं. बायोडिझेल उकळतंच साडेतीनशे अंशांच्या आसपास, ते तिथेच राहतं आणि ऑइल पातळ करतं. इंजेक्शन पंप बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये एकत्रित निवेदन काढून ७ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण चालेल असं म्हटलं, तेही मानकात बसणारं असेल तर. युरोपातल्या साध्या डिझेलचीही मर्यादा ७ टक्केच आहे.

म्हणजे आपलं ५ टक्क्यांचं उद्दिष्ट या मर्यादेच्या आतच आहे. मग चिंता कसली?

चिंता आहे ती इथल्या वापराच्या पद्धतीची. कोलोरॅडोतली बस रोज पळत होती, तिची टाकी रोज रिकामी होत होती. इंधनाला खवट व्हायला वेळच नव्हता. आपली एसटीही तशीच, तिला ५ टक्के बायोडिझेल सहज पचेल. पण शेतातल्या यंत्रांचं बघा. ट्रॅक्टर पेरणीला आणि मशागतीला राबतो, मधे उभा असतो. हार्वेस्टर तर वर्षातले कित्येक महिने शेडमध्ये. तुमच्या कॉलेजचा जनरेटर? वीज गेली तर दहा मिनिटं, बाकी वर्षभर तेच डिझेल टाकीत. आणि कोकणातल्या मच्छीमार बोटी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. नेमके पावसाचे, सगळ्यात दमट दिवस. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा, तळाला पाणी, वर बायोडिझेल मिसळलेलं डिझेल. बुरशीला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? बसची चाचणी करून काढलेला निष्कर्ष बोटीला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि सक्तीच्या मिश्रणात इंधन तर सगळ्यांना एकच मिळतं.

दुसरी चिंता कच्च्या मालाची. हिशेब तुम्हीच करून बघा. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल लागतं. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन, लिटरमध्ये पाचशे कोटींच्या पुढे. एवढं तेल आणायचं कुठून? खाद्यतेल तर आपणच निम्म्याहून जास्त आयात करतो. २००३ च्या सुमारास यावर उत्तर सापडलं होतं, मोगली एरंड. म्हणजे जट्रोफा. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, गुरं खात नाहीत. नियोजन आयोगाने मोठी योजना आखली, २० टक्के मिश्रणाची स्वप्नं रंगली. तुमच्या आजोबांनी बांधावर चार रोपं लावली असतील तर त्यांना विचारा काय मिळालं. पाणी न देता झाड जगतं हे खरं निघालं, पण पाणी न देता ते पुरेशा बिया देत नाही.

मग नजर गेली कढईकडे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलात ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली, त्यापुढे ते तेल खाण्यात वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि जुनं तेल बायोडिझेलवाल्यांना द्यायचं. कल्पना खरंच चांगली आहे, इंधन मिळतं आणि आपल्या पोटातलं काळं तेल कमी होतं. पण मोठ्या हॉटेलचं तेल छोट्या गाड्यावर आणि तिथून आणखी छोट्या गाड्यावर जातं ही साखळी तोडणं सोपं नाही. आणि असं ठिकठिकाणचं, कमी-जास्त जळलेलं तेल गोळा करून त्यापासून एकसारख्या दर्जाचं इंधन बनवणं ही सगळ्यात कौशल्याची गोष्ट. त्यात मुक्त आम्लं जास्त असतात. ती आधी वेगळ्या क्रियेने मारली नाहीत, तर अल्कलीबरोबर थेट साबण होतो. तो शेवटी कुठे जाऊन बसतो ते वर वाचलंतच.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक आणि तिचा बायोडिझेलशी नावापुरताच संबंध. हायवेच्या कडेला, ढाब्याच्या मागे टाकी ठेवून ‘बायोडिझेल’ म्हणून जे स्वस्तात विकलं जातं, त्यात बऱ्याचदा वनस्पती तेलाचा थेंबही नसतो. औद्योगिक वापराची हलकी तेलं, सॉल्व्हंट असं काहीबाही असतं. गुजरातमध्ये २०२१ मध्ये राज्यभर धाडी पडल्या, आपल्याकडेही अधूनमधून कारवाईच्या बातम्या येतात. ट्रकवाला ते का घेतो हे समजून घ्या. भाड्यात डिझेलचा खर्च सगळ्यात मोठा, लिटरमागे काही रुपये वाचले तर महिन्याचा हप्ता सुटतो. पंप जातो तो सहा महिन्यांनी. आणि गेला तेव्हा दोष ‘बायोडिझेल’ला. उद्या सरकारी तेल कंपन्यांनी खरोखर चांगलं ५ टक्के मिश्रण आणलं तरी लोक या अनुभवामुळेच त्याला शिव्या घालतील.

बाहेरच्या जगात काय चाललंय? इंडोनेशिया जानेवारी २०२५ पासून ४० टक्क्यांवर आहे, सगळं पामचं. पामतेलाच्या निर्यातीवर कर लावून त्या पैशात तिथे बायोडिझेलचा भाव सांभाळतात. फिल्टर लवकर बदलावे लागतात ही तिथल्या ट्रक आणि खाणवाल्यांची तक्रार जुनी आहे, पण देशाने तो खर्च पत्करलाय. ब्राझील ऑगस्ट २०२५ मध्ये १५ टक्क्यांवर गेला. दोन्ही देशांकडे स्वतःचं तेल मुबलक आहे, आपल्याकडे नाही, हे तुलना करताना विसरू नका. आपल्याकडे डिझेलमध्ये इथेनॉल मिसळणं जमलं नाही, म्हणून आता आयसोब्युटेनॉलची चाचणी चालू असल्याचं नितीन गडकरींनी २०२५ मध्ये सांगितलं. पुण्याच्या ‘एआरएआय’चं नाव त्यात आहे. ऊस उत्पादकांच्या दृष्टीने ही मोठी बातमी, पण वंगणाचा आणि रबराचा प्रश्न तिथेही नव्याने तपासावा लागेल. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेलं डिझेल हा आणखी एक मार्ग आहे. त्यात दुहेरी बंधच उरत नाहीत, त्यामुळे खवटपणाचा प्रश्न मिटतो. फक्त ते महाग पडतं.

माझ्या मते भांडायचं असेल तर टक्क्यावर भांडू नये. पाच टक्के हा आकडा तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. मागणी करायची तर ही, की प्रत्येक पंपावर (हो, आता रस्त्यावरच्या) त्या टाकीत बायोडिझेल किती टक्के आहे ते ठळक लिहिलेलं असावं. ई-२० च्या वेळी लोकांना राग आला तो इथेनॉलपेक्षा न विचारता ओतल्याचा जास्त होता. आणि आज एखाद्या शेतकऱ्याचा पंप गेला तर दोष इंधनाचा होता हे सिद्ध करायला त्याच्या हातात काहीच नसतं. पंपाची किंमत, कॅलिब्रेशन, ऐन हंगामात बुडालेले दिवस, सगळं त्याच्याच डोक्यावर. आयातीचं परकीय चलन देशाचं वाचतं, बिल मात्र एकट्याचं होतं. तालुक्याच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये इंधनातलं पाणी आणि आम्लता तपासायची साधी सोय झाली, तरी हे चित्र बदलायला सुरुवात होईल. आम्लतेची चाचणी म्हणजे शेवटी टायट्रेशनच, तुम्ही बारावीत केलेलं.

तोवर घरात डिझेलचं यंत्र असेल तर काही गोष्टी आजच करता येतील. ते दोन-तीन महिने उभं राहणार असेल तर टाकीत मिश्रित डिझेल अर्धवट ठेवू नका. एक तर काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवेला जागा राहणार नाही, नाहीतर रिकामी करा. पुन्हा चालू करण्याआधी वॉटर सेपरेटरचा तळाचा स्क्रू ढिला करून पाणी काढा. जुन्या ट्रॅक्टरच्या पंपाचं काम निघालंच, तर मेकॅनिकला सीलचा किट व्हायटॉनचा टाकायला सांगा. थोडे पैसे जास्त लागतील. आणि शंका आली तर पारदर्शक बाटलीत लिटरभर डिझेल घेऊन रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला पाण्याचा थर किंवा काळा साका दिसला, तर ते इंधन टाकीत जाऊ देऊ नका, आणि ती बाटली फेकूनही देऊ नका. झाकण लावून, तारीख आणि पावतीचा नंबर लिहून ठेवा.